नावावरची रेघ

माझ्या कपाटात एक जाड कागद आहे. त्यावर शाईने लिहिलेली एक लग्नपत्रिका आहे आणि त्यातल्या नवरीच्या नावावरची रेघ माझी आहे. इतकी सरळ रेघ माझ्या हातून ना त्याआधी आली, ना त्यानंतर. ती मी काढायला नको होती, एवढंच.

मी मूळची पुण्याची. नोकरीसाठी बंगळुरूला आले त्याला अकरा वर्षं झाली, राहते एचएसआर लेआउटमध्ये. मोबाइलवरच्या ॲपचे पडदे आखणं हे माझं काम. बटण कुठे, अक्षर केवढं, दोघांत अंतर किती, हे दिवसभर एका ओळीत आणून आणून नजर अशी झालीय की हॉटेलातल्या भिंतीवर फोटो तिरका दिसला तर मला समोरचा डोसा जात नाही. उठून फोटो सरळ करून येते. नवरा म्हणतो, याचाच तुला पगार मिळतो हे खरं, पण रविवारी तरी रजा घे.

रजा म्हणूनच मी अक्षरं शिकायला लागले. बसवनगुडीत एक मराठी गृहस्थ राहतात, ते शाळांची प्रशस्तिपत्रकं, मानपत्रं वगैरे टाकाने आणि बोरूने लिहून देतात, आणि कुणी शिकायला आलं तर नाही म्हणत नाहीत, असं कळलं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण अशी की वाक्याच्या मधेच कन्नड येऊन बसायचं आणि कुणाला ते वेगळं वाटायचं नाही. पहिल्या दिवशी अण्णांनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या, चष्मा वर करून पाहिल्या आणि म्हणाले, “पुण्याची म्हणालीस तेव्हा मला वाटलं अक्षर चांगलं असेल.”

मला राग आला. मला राग लवकर येतो. पण पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं.

पहिले तीन महिने त्यांनी मला फक्त काना काढायला लावला. उभी रेघ, तिच्या शेजारी उभी रेघ, पान भरेपर्यंत. मी मनातल्या मनात धुमसत होते. इंग्रजी अक्षरांच्या निबा बाजारात तयार मिळतात, पण देवनागरीला टोक उलट्या कलाने कापलेलं लागतं, त्याशिवाय जाड-बारीक जागच्या जागी येत नाही. ते टोक कापण्यातच माझे दोन रविवार आणि एक बोट गेलं. मग गोलाई आली, मग वेलांटी, मग वेलांटीचं टोक लांबवून त्याची वेल करायची आणि वेलीला कोयऱ्या लटकवायच्या, हे सगळं आलं. अण्णांच्या हातची वेल कागदावर अशी उतरायची की तिला कुंपण शोधावंसं वाटावं. माझी मात्र बरेच दिवस विजेच्या वायरसारखी दिसत होती. हे वाक्य माझं नाही, अण्णांचं.

अण्णांना खोटं बोलता येत नसे. स्वभावाने गरीब माणूस, पण कागदावर काही वाकडं असलं की ते वाकडं आहे असंच सांगणार. शाबासकी द्यायची झालीच तर पान उलटून नवीन ओळ लिहायला सांगायचे.

शिरोरेघ शेवटी काढायची, ही त्यांची शिस्त. शब्दातली सगळी अक्षरं आधी लिहायची, शाई वाळू द्यायची आणि मग सगळ्यांवरून एकच रेघ, डावीकडून उजवीकडे. ती मनगटातून येत नाही, खांद्यातून यावी लागते. श्वास सोडत काढायची आणि मधे थांबायचं नाही. थांबलं की तिथे शाई साचते आणि कुणालाही कळतं की बाई इथे घाबरली. मला या रेघेचं वेडच लागलं. वेल जमो न जमो, रेघ मला जमायला लागली होती. मोतीबिंदू वाढायला लागल्यापासून अण्णांच्या नजरेतून बारीकसारीक गोष्टी सुटत. दोनदा प्रशस्तिपत्रकावर एखाद्या शब्दावरची रेघ राहून गेली होती. मी दाखवल्यावर ते म्हणाले होते, “सरी, बरंय, तूच काढ.” मी काढली होती, आणि त्यांनी नुसतं पान उलटलं होतं. त्या दिवशी मी रिक्षात घरापर्यंत हसत आले.

आता पुढची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, पण आधीच सांगते, नाहीतर मी काय करून बसले ते कळायचं नाही.

त्या घरात मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका छापत नाहीत. बाकीच्या हव्या तशा छापा, हल्ली तर फोनवरच जातात, पण कुलदेवतेपुढे ठेवायची ती एक घरातल्याच कुणीतरी शाईने लिहायची. वर नक्षीदार श्री, चारी कडांना वेलबुट्टी, आणि सगळ्या शब्दांवर रेघ. फक्त नवरीच्या नावावर रेघ काढत नाहीत. ती जागा मोकळी ठेवायची आणि पूजेच्या दिवशी मुलीच्या आईने ती रेघ ओढायची. का, ते अण्णांनाही सांगता आलं नाही. त्यांच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी तिने अण्णांच्या तिन्ही आत्यांच्या नावांवर रेघा ओढल्या होत्या. कदाचित त्या बायकांचा अन् शाईचा तेवढाच संबंध येत असेल.

आणि अक्कांच्या उजव्या अंगावरून दीड वर्षापूर्वी वारं गेलं होतं. पाय सुधारला. बोलणंही आधीसारखं झालं. हात मात्र सुधारला नाही, तो पोटाशी धरूनच त्या घरात वावरत. डाव्या हाताने त्या कॉफी करत, पोळ्या लाटत नसत. रांगोळी त्यांनी सोडून दिली होती. वाकडी रांगोळी दारात घालण्यापेक्षा नुसता सडा बरा, असं म्हणायच्या. त्याच अक्का चार महिने रोज दुपारी, अण्णा वामकुक्षीला गेले की, जुन्या वर्तमानपत्रांवर डाव्या हाताने रेघा ओढत होत्या. चार अक्षरांच्या एका नावाएवढ्या लांबीच्या रेघा. एकुलती एक मुलगी होती. ही रेघ काढायची संधी आयुष्यात एकदाच येणार होती.

मागच्या दाराशी त्या वर्तमानपत्रांची चवड मी पाहिली होती. मला वाटलं, डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितला असेल. अण्णांच्या टेबलावर एक बोरू भलत्याच बाजूने कापलेला दिसला होता, तोही मी त्यांना दाखवला होता. “अण्णा, हा चुकीचा कापलाय.” ते म्हणाले होते, “असू दे.” डाव्या हाताला टाक पुढे ढकलावा लागतो आणि त्याचं टोक कागदात रुततं, म्हणून त्यांनी बायकोसाठी मऊ बोरू वेगळ्या कलाने कापला होता, हे माझ्या डोक्यात कुठून येणार? मला फक्त चूक दिसली. मला नेहमी चूकच आधी दिसते.

तो रविवार. मी पोचले तेव्हा अण्णा गांधी बाजारात फुलं सांगायला गेले होते. अक्कांनी दार उघडलं, “बैस, स्वल्प वेळात येतील,” म्हणाल्या आणि कॉफी टाकायला आत गेल्या. खिडकीजवळच्या उतरत्या फळ्यावर पत्रिका लावलेली होती. मी पहिल्यांदाच पाहत होते. पाहतच राहिले. श्रीच्या वेलांटीतून निघालेली वेल उजव्या कडेने खाली उतरून तळाशी दुसऱ्या बाजूच्या वेलीला भेटत होती, आणि नेमकी कुठे भेटली ते शोधून सापडत नव्हतं. सगळं पूर्ण झालं होतं. फक्त मधोमध, सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलेल्या नावावर रेघ नव्हती. चार अक्षरं उघड्या डोक्याने उभी होती.

मला त्यांची दया आली. अण्णांचीही आली. नेमकं मुलीच्याच नावावरची रेघ राहून जावी आणि ते कुणीतरी पाहुण्याने दाखवावं, याआधी मीच काढून टाकलेली बरी. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे हात शिवशिवत होते. इतक्या सुंदर कागदावर माझी एक रेघ असावी असं मला वाटलं, आणि विचारायला थांबले तर कदाचित ती अण्णाच काढतील, हेही वाटलं. शाई वाळलीय का पाहिलं, टाक बुडवला, टिपकागदावर एकदा टेकवला आणि श्वास सोडत रेघ ओढली.

ती उत्तम आली. मी हात मागे ठेवून खुर्चीत बसले आणि अण्णांची वाट पाहू लागले. आता पान उलटायलासुद्धा पान नव्हतं, म्हणजे त्यांना तोंडाने काहीतरी बोलावंच लागणार होतं.

अण्णा आले, पिशवी ठेवली, चष्मा पुसला आणि फळ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तेवढ्यात अक्का कॉफीचा पेला घेऊन बाहेर आल्या. एका हाताने एकच पेला आणता येत असे, म्हणून पहिला नेहमी माझा असायचा. पेला माझ्यासमोर ठेवता ठेवता त्यांनी पत्रिका पाहिली. मग अण्णांकडे पाहिलं.

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “काढून घेतलीत ते बरंच झालं.”

आणि आत गेल्या. दुसरा पेला आला नाही.

अण्णांनी मला सगळं सांगितलं ते तेव्हा. खालच्या आवाजात, फळ्यावरून नजर न काढता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. माझे कान तापले. मी उठून स्वयंपाकघरात गेले. अक्का ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“अक्का, रेघ मी काढली,” मी म्हटलं. “अण्णा घरात नव्हते. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ते विसरले.”

“असू दे गं. त्यांना वाचवायला तू कशाला खोटं बोलतेस?”

“खोटं नाही बोलत. शपथ घेते.”

त्या वळल्या. रडत नव्हत्या, चिडलेल्याही नव्हत्या, आणि तेच मला सहन होईना. “तुला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “पूर्वी माझी रांगोळी बघून हा माणूस सांगायचा, तिसऱ्या ओळीत ठिपका सरकलाय. लग्न झाल्यापासून सांगत आलेत. आता मी कसंही केलं तरी छान म्हणतात. भात करपला, छान. साडीच्या निऱ्या सुटल्या, छान. त्या रेघा बघून रोज छान. बरं नसलेल्या माणसाशी बोलतात तसं बोलतात माझ्याशी. मला कळत नाही होय? त्यांना माझ्या हाताचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी तुझ्याकडून काढून घेतली.”

अण्णा दारात येऊन उभे होते. आम्हां दोघींनाही ते आधी दिसले नव्हते.

“मी नव्हती काढायला सांगितली,” ते म्हणाले. “पण आत्ता बघितली तेव्हा मला बरं वाटलं. एक क्षण वाटलं, सुटलो.”

मला वाटलं, आता हे कशाला बोलले. खरं सांगायची खोड असावी, पण इतकी? अक्का त्यांच्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी गॅस बंद केला आणि मागच्या खोलीत निघून गेल्या. मी चपला घातल्या आणि निघाले. कानकोंडी होऊन बसवनगुडीपासून कितीतरी लांबपर्यंत चालतच गेले, रिक्षा करायचं सुचलंच नाही.

पूजा शुक्रवारी होती. सोमवारी सकाळी मी ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगून अण्णांच्या घरी गेले. बोलावलं नव्हतं. अण्णांनी नवा कागद फळ्यावर लावला होता. नऊ ते अकरा, खिडकीतून ऊन येई तेवढाच वेळ त्यांना नीट दिसायचं. मी पेन्सिलीने ओळी आखून दिल्या, शाई ढवळली, टाक पुसून हातात दिले. त्यांनी मला एकही अक्षर लिहायला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार. दुसऱ्या पत्रिकेतली वेल पहिल्यासारखी झाली नाही. तळाशी दोन वेली जिथे भेटतात तिथला जोड दिसत होता. अण्णांनी तो मलाच दाखवला. “इथे दिसतंय बघ,” म्हणाले, आणि पुढे गेले. बुधवारी सगळ्या शब्दांवर रेघा काढून झाल्या. नाव तसंच उघडं राहिलं.

या तीन दिवसांत अक्का पुढच्या खोलीत आल्याच नाहीत. कॉफी यायची, पण ती अण्णा उठून आणायचे. मागच्या दाराशी वर्तमानपत्रांची चवड तेवढीच होती. वर नवीन कागद पडला नव्हता. बुधवारी निघताना अण्णा म्हणाले, “रद्दीवाला येऊन गेला तर बरं, असं म्हणत होती.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला एकदम रडू आलं. माझ्या एका रेघेमुळे एका बाईचे चार महिने रद्दीत निघाले होते. मी शुक्रवारी येऊ का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, “ये.”

शुक्रवारी मुलगी मारतहळ्ळीहून पहाटेच आली होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती आपली आईला फुलं कुठे ठेवू, समई कुठली काढू विचारत होती आणि अक्का उत्तरं देत होत्या. पूजा झाली. अण्णांनी पत्रिका फळ्यावरून सोडवून जमिनीवर पाटावर ठेवली. शेजारी शाईची दौत ठेवली, दौतीशेजारी तो वेगळ्या कलाने कापलेला बोरू. मग ते मागे सरकून बसले. मुलीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे.

अक्का उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि खाली बसायला लागल्या. मुलगी हात द्यायला पुढे झाली, तिला त्यांनी मान हलवून नको म्हटलं. बसल्या. बोरू घेतला, दौतीत बुडवला, काठावर निथळला. कागद दाबून धरायला दुसरा हात लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. बोरू टेकल्याबरोबर कागद सरकायला लागला. मी जागची हलले नाही, या वेळी माझे हात मी मांडीखाली दाबून धरले होते. अण्णा गुडघ्यांवर पुढे आले आणि त्यांनी दोन्ही तळवे कागदावर ठेवले.

अक्कांनी रेघ ओढली. पहिल्या अक्षरावरून ती बरी गेली. दुसऱ्यापाशी थांबली. मग पुढे निघाली आणि तिसऱ्या अक्षराच्या डोक्यात जरा घुसली, तिथून वर चढली, आणि चौथ्याला पोचली तेव्हा अक्षर आणि रेघ यांच्यात सुतळीएवढी फट राहिली. जिथे जिथे थांबली तिथे शाईचा थेंब जमला होता. त्यांनी बोरू उचलला. कपाळावर घाम आला होता.

“वाकडी झाली,” अक्का म्हणाल्या.

“छे, कुठे वाकडी?” मुलगी म्हणाली. “किती छान आलीय, अम्मा.” मीही घाईघाईने काहीतरी तसंच म्हटलं. अक्कांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. त्या अण्णांकडे पाहत होत्या.

अण्णांनी तळवे उचलले. चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. कागदावर वाकले आणि रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली, घाई न करता.

“हो, वाकडी आहे,” ते म्हणाले. “आणि दोनदा थांबलीस.”

अक्कांचा चेहरा सैल झाला. रविवारपासून पहिल्यांदाच.

“दोनदा नाही,” त्या म्हणाल्या, “तीनदा. नीट बघा.”